मदत हवी आहे: कालपट्टीवर शोधाचं वर्ष नेमकं कोणतं मांडायचं?

नमस्कार. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायला मुलांसोबत जैववैद्यकीय संशोधनाची कालपट्टी करायला घेतली आहे, १९०० ते २०२३. एका वर्षाला दोन सेंटीमीटर, म्हणजे पट्टी जवळजवळ अडीच मीटरची. कागद जोडून झाले, वर्षांच्या रेघा मारून झाल्या आणि पेनिसिलिनपाशी गाडी अडली.

एका मुलीने १९२८ वर टिंब दिलं, दुसरीने १९४१ वर. दोघींकडे आधार आहे. सप्टेंबर १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत ती बुरशी आलेली बशी दिसली. पण पेनिसिलिन वेगळं काढून त्याचं औषध केलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं आणि तेवढेच चार वाचले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते दिलं. चेहऱ्यावर पसरलेला संसर्ग ओसरू लागला, पण औषधच पुरेना. त्यांच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं. तेही संपलं आणि मार्चमध्ये ते गेले. हे सांगताना वर्गात एकदम शांतता पसरली.

पट्टीवर या दोन टिंबांत २६ सेंटीमीटरचा कोरा कागद आहे. मुलं विचारतात, या काळात काय चाललं होतं?

इन्सुलिनचं नेमकं उलटं. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या मधुमेह झालेल्या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. अर्क तपकिरी, गढूळ. रक्तातली साखर थोडीशीच उतरली आणि सुई टोचली तिथे गळू झालं. २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क दिला आणि साखर उतरली. अपयश आणि यश यांच्यात १२ दिवस, आमच्या पट्टीवर एक मिलिमीटरसुद्धा नाही!

तर मला विचारायचंय ते असं. वर्ष शोधाचं लिहायचं की रुग्णापर्यंत पोहोचल्याचं? ते १२ दिवस कसे दाखवायचे? आणि डीएनएच्या रचनेला १९५३ लिहिलं, तर क्ष-किरण छायाचित्रांतून ती रचना उलगडायला मदत करणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांना जागा कुठे द्यायची?

प्रतिसाद १

ताई, एकच वर्ष निवडू नका. पहिलं निरीक्षण म्हणजे पोकळ वर्तुळ, रुग्णाला गुण आला तिथे भरीव वर्तुळ आणि मध्ये रेघ. नोबेलची वर्षं मात्र पट्टीवर आणू नका, मुलं तीच पाठ करतात.

आणि ते २६ सेंटीमीटर अगदी कोरे नाहीत. १९३० मध्ये शेफील्डला सेसिल पेन या डॉक्टरांनी बुरशीचा कच्चा अर्क वापरून तान्ह्या बाळांच्या डोळ्यांचा संसर्ग बरा केला होता. त्यांनी ते प्रसिद्धच केलं नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी त्याची नोंद सापडत नाही. म्हणजे भरीव वर्तुळही १९४१ च्या बरंच आधी, १९३० लाच येईल. मुलांना हे जरूर सांगा.

प्रतिसाद २

१२ दिवसांसाठी पट्टीखाली भिंगाचं चित्र काढा आणि त्यात जानेवारी १९२२ मोठा करून दाखवा. त्या दिवसांत काय बदललं तेही लिहा. टोरांटोच्या गटातले जीवरसायनशास्त्रज्ञ कॉलिप यांनी अर्कातल्या अल्कोहोलचं प्रमाण हळूहळू चढवत नेलं. नको असलेली प्रथिनं आधी साका होऊन खाली बसली, इन्सुलिन विरघळलेलंच राहिलं. प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेल्यावर तेही खाली बसलं. एवढी एक पायरी! इन्सुलिनचे शोधक म्हणून ज्यांची नावं येतात त्या बँटिंग आणि बेस्ट यांच्या शेजारी कॉलिप यांचं नाव हवंच.

इन्सुलिनची दुसरी रेघही काढा. त्यानंतर कित्येक दशकं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच मिळत होतं. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. फक्त आठ सेंटीमीटर. माझी मुलगी रोज तेच टोचून घेते, त्यामुळे ही रेघ मला सगळ्यात जवळची.

प्रतिसाद ३

फ्रँकलिन यांच्यासाठी मे १९५२ वर स्वतंत्र वर्तुळ. त्यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग यांनी काढलेलं क्ष-किरण छायाचित्र तेव्हाचं. १९५३ च्या टिंबाखाली बारीक अक्षरात त्यांचं नाव कोंबू नका.

एक भर माझ्याकडून. १९६९ मध्ये थॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. त्याचा वैद्यकाशी काही संबंध नव्हता. पुढे १९८३ मध्ये मलिस यांना पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, सुचली, पण डीएनए तापवला की प्रती काढणारं विकर (एन्झाइम) मरायचं आणि प्रत्येक फेरीला नवं घालावं लागायचं. या जिवाणूचं विकर ती उष्णता सोसतं. १९८८ पासून तेच वापरात आलं आणि यंत्र एकदा चालू केलं की फेऱ्या आपोआप होऊ लागल्या. ही रेघ वेगळ्या रंगात काढा.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आज वर्गात बसून सगळ्या रेघा काढल्या. दोघी मुलींची टिंबं तशीच ठेवली आणि १९३० वर शेफील्डचं तिसरं दिलं, तेच भरीव. भिंगाचं चित्र एका मुलाने इतकं सुंदर काढलंय की ते जरा मोठंच झालं. असू दे.

एमआरएनएची, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप पेशीत नेणाऱ्या रेणूची, रेघ सर्वांत लांब निघाली. रेणू ओळखला गेला १९६१ मध्ये, त्यावर आधारलेली कोविडची लस लोकांपर्यंत आली २०२० मध्ये: ११८ सेंटीमीटर, जवळजवळ अर्धी पट्टी. मध्ये २००५ वर कारिको आणि वाइसमन, शरीराने एमआरएनए झिडकारू नये म्हणून त्यात बदल करणारे शास्त्रज्ञ.

एक अडचण उरलीच. क्रिस्परचं, म्हणजे जनुकांत हवा तिथे बदल करायच्या तंत्राचं, पोकळ वर्तुळ कुठे? जपानमध्ये ईशिनो यांच्या गटाला जिवाणूच्या डीएनएत ते विचित्र पुनरावृत्त तुकडे १९८७ मध्येच दिसले होते, पण ते कशासाठी आहेत याचा तेव्हा पत्ता नव्हता. जनुक कापायची कात्री म्हणून डाउडना आणि शार्पेंटिये यांनी ते वापरलं २०१२ मध्ये. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ ला मान्यता मिळाली, ते भरीव वर्तुळ पट्टीच्या अगदी टोकाला आलंय. रेघ ७२ सेंटीमीटरची काढू की २२? पट्टी शुक्रवारी लावायची आहे.