मदत हवी आहे : 'द डिसायपल'नंतर काय पाहू?

मंडळी, याच आठवड्यात आईसोबत चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' (२०२०) हा शास्त्रीय गायक होऊ पाहणाऱ्या शरदवरचा सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. रात्रीच्या रिकाम्या पुलावरून शरद मोटरसायकलवर संथ चाललाय आणि कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंची जुनी व्याख्यानं, हे प्रसंग मला फार आवडले. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे, हे नंतर कळलं. काय आवाज लावलाय त्यांनी! आदित्य मोडक (शरद) आणि अरुण द्रविड (त्याचे गुरुजी) दोघेही मुळात गायक, म्हणून तालमीचे प्रसंग कुठेच खोटे वाटत नाहीत.

आईचं मत मात्र वेगळं. ती स्वतः गाणं शिकलेली आहे. तिच्या मते इतकी वर्षं रियाज करणाऱ्याला गाण्यातून थोडा तरी आनंद मिळत असणारच, आणि तो सिनेमात दिसत नाही. शेवटचा लोकलमधला गाणारा माणूस तुम्ही कसा घेतलात? मला तो प्रसंग शरदला मोकळं करणारा वाटला, आईला क्रूर.

आता मदत हवी आहे ती अशी : कलाकाराच्या मेहनतीवर किंवा अपयशावरचे, घाई न करणारे मराठी सिनेमे सुचवा. 'कोर्ट' आणि 'किल्ला' पाहून झालेत. 'कट्यार काळजात घुसली' आईला पाठ आहे. नाटकवाले, तमाशा कलावंत, चित्रकार, कुणावरचाही चालेल. जुने असतील तर चांगली प्रत कुठे बघायला मिळते तेही लिहा, कारण आईला धूसर प्रिंटचा त्रास होतो. आणि नुसतं नाव नको, तुम्हाला का आवडला ते दोन ओळीत सांगाच.