मदत हवी आहे: पुणे–कन्याकुमारी–पुणे प्रवासासाठी दोन लाखांच्या आत जुनी गाडी

सह्यवाट:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून गोवामार्गे किनाऱ्याने कन्याकुमारी आणि येताना मदुराई–बंगळूर–हुबळीवरून परत असा बेत आहे. चार माणसं, अठरा दिवस, इकडेतिकडे फिरणं धरून साधारण साडेतीन हजार किमी. जुनी गाडी घ्यायची आणि परत आल्यावर विकून टाकायची असा विचार आहे. बजेट सगळं मिळून २ लाख. तीन गाड्या नजरेत आहेत:

१. वॅगनआर एलएक्सआय, २०१२, पेट्रोल, सेकंड ओनर, एमएच १४, मीटरवर ७८ हजार, १.७५ लाख सांगतात.
२. स्विफ्ट डिझेल, २०१५, दिल्ली पासिंग, एनओसी (ना हरकत दाखला) काढून देतो म्हणतात, १.६० लाख.
३. सँट्रो झिंग, २००९, एमएच १२, ८५ हजार.

कुठली घ्यावी? बघायला जाताना काय तपासायचं?

पाना_बारा:
आधी हिशेब बदला. दोन लाख हे गाडीचं बजेट नव्हे. टायर, बॅटरी, सर्व्हिस, विमा, ट्रान्स्फर यांना ३५–४० हजार बाजूला काढा आणि गाडी १.६० पर्यंतच बघा. स्वस्त गाडी घेऊन खिसा रिकामा करणारेच रस्त्यात अडकतात.

दिल्लीची स्विफ्ट स्वस्त दिसते, कारण १० वर्षांवरच्या डिझेलवर तिकडे बंधनं आली. इकडे आणून नावावर करायची म्हणजे एनओसी, महाराष्ट्रात नव्याने नोंदणी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर. डिसेंबरपर्यंत हे उरकणं कठीण. शिवाय टर्बो आणि इंजेक्टर कुठल्या अवस्थेत आहेत ते दहा मिनिटांच्या राइडमध्ये कळत नाही, आणि एक इंजेक्टर बदलायचा म्हटला तरी खर्च पाच आकडी.

सँट्रोची १५ वर्षं २०२४ मध्येच संपली. आरसीवर 'वैध दिनांक' बघा. री-पासिंग झालेलं नसेल तर गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. नूतनीकरणाचं नुसतं शुल्कच ५,००० आहे, वर पर्यावरण कर वेगळा. त्यात या इंजिनाला टायमिंग बेल्ट (आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा) आहे. कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं समजायचं.

राहिली वॅगनआर. २०१० नंतरच्या वॅगनआरमध्ये के-सिरीज इंजिन आहे, त्याला टायमिंग चेन असते, बेल्टची कटकट नाही. सुटे भाग भटकळपासून नागरकोइलपर्यंत कुठल्याही गावात मिळतील. फक्त एक लक्षात घ्या: तिची १५ वर्षं २०२७ मध्ये भरतात, म्हणजे विकताना पुढचा गिऱ्हाईक त्यावर भाव पाडणार. तोच मुद्दा आज तुम्ही वापरा, १.५५ पासून बोलणी सुरू करा.

कागदपत्र:
कागदांचं माझ्याकडून. टोकन देण्याआधी:

एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून आरसीची वैधता, कितवा मालक, विमा, पीयूसी बघा. 'बोजा' (गाडीवरच्या कर्जाची नोंद) दिसत असेल तर विक्रेत्याने बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. "कर्ज फिटलंय, फक्त नोंद राहिलीय" हे वाक्य ऐकायला येईलच. नोंद राहिली म्हणजे ट्रान्स्फर राहिली. ई-चलन थकलेलं असेल तर तेही त्याच्याकडूनच भरून घ्या. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा.

चासी नंबर आरसीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, फोटोवर विसंबू नका. भाड्याने चालवून नंतर पांढऱ्या पाटीवर आणलेली टॅक्सी असेल तर जुन्या विम्याच्या प्रतींवर ते सापडतं.

ट्रान्स्फरला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्रेत्याला १४ आणि घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. तुम्ही प्रवासाच्या किमान दीड महिना आधी व्यवहार उरका.

विम्याबाबत बहुतेक जण फसतात. गाडी विकली की थर्ड पार्टी भाग आपोआप नव्या मालकाकडे जातो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग जात नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस विक्रेत्याचा, तुम्हाला मिळणार नाही, त्या फरकाचे पैसे भरावे लागतील.

विक्रेत्याचा फास्टॅग काढून त्याच्याकडून खातं बंद करून घ्या आणि आपल्या नावाने नवा घ्या. फास्टॅगशिवाय गेलात तर टोल जास्त पडतो आणि खेड शिवापूर ते कोगनोळी एवढ्यातच पाच नाके आहेत.

तिसरा_गिअर:
वर निवड बरोबर केली आहे, पण नग बघितल्याशिवाय मॉडेलला अर्थ नाही. ७८ हजारांवर मी विश्वास ठेवणार नाही. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत झालं असेल तर गाडी लाखाच्या पुढे गेलेली आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून जुन्या नोंदी मागा.

सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की इंजिन चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधीच इंजिन चालू करून त्यांनी काहीतरी लपवलंय.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम इंजिनावर कधीच नको, वाफेने हात भाजतो). आत हिरवा किंवा लाल कूलंट हवा. तांबूस, गंजट पाणी असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. झाकणाच्या आतलं रबर बघा. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. रबर चिरलं असेल तर दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि घाटाच्या चढावर गाडी उभी राहते. दोन-तीनशे रुपयांच्या झाकणापायी हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधली सीलची पट्टी) जाते. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर असेल तर ती गेलीच असण्याची शक्यता आहे. तसं दिसलं तर गाडी सोडा.

आता चालू करा. ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडलं किंवा खालून फसफस धूर आला तर इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन' मारतंय, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

एसी लावून जागेवर पंधरा मिनिटं चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा सुरू व्हायला हवा, आणि बंदही व्हायला हवा. ज्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसून फक्त लाल दिवा असतो, तिथे दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. हजाराच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) घ्या, मोबाइलवर पाण्याचं तापमान दिसतं. ९०–१०० ठीक, ११० कडे निघालं तर एसी बंद, बाजूला थांबा. हाच स्कॅनर खरेदीच्या वेळीही कामाचा: 'रेडिनेस' चाचण्या (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी नुकतेच फॉल्ट कोड पुसले आहेत, किंवा बॅटरी काढून लावली आहे.

राइड घेताना चौथ्या गिअरमध्ये चाळीसवर असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी नाही चढली, तर क्लच प्लेट संपलेली आहे. खड्ड्यात खडखड आली तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्म. ही दोन्ही कामं भाव पाडायला उत्तम आहेत, गाडी नाकारायला नाहीत. नाकारायचं कारण म्हणजे बॉनेट उघडल्यावर एप्रनवर (चाकाच्या वरचा आतला पत्रा) किंवा पिलरवर (छताचा खांब) दिसणारं वेल्डिंग. एका बाजूचे स्पॉट वेल्ड गोल आणि दुसऱ्या बाजूला लांबट शिवण असेल तर गाडी ठोकलेली आहे.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांवरचे टायर घेऊन डिसेंबरच्या उन्हात मदुराई–बंगळूर ताणू नका. चार टायर बारा-चौदा हजारांत येतील. स्टेपनीचाही शिक्का बघा, ती बहुधा मूळचीच असते.

सह्यवाट:
सगळ्यांचे आभार. वॅगनआरच बघतो. एक शंका: नंतर विकायचीच आहे, तर नावावर न करता विक्रेत्याच्या सहीचे फॉर्म घेऊन फिरलं तर? एजंट म्हणतो, सगळे तसंच करतात.

कागदपत्र:
करतात, आणि अपघात झाला की भोगतात. भरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे शहाणा विक्रेता याला तयार होणारच नाही, आणि जो सहज तयार होतो त्याच्या कागदांकडे दोनदा बघा. शिवाय नुकसानीचा क्लेम तुम्हाला मिळणार नाही, कारण पॉलिसी तुमच्या नावावर नाही. परराज्यात अडवलं तर आरसी एकाची, गाडी दुसऱ्याची, हे समजावत बसावं लागेल ते वेगळंच. आपल्या नावाची पांढरी पाटी असेल तर कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत परमिट लागत नाही. नव्याने नोंदणीचा प्रश्न दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तरच येतो. आणि गोव्याची बाटली डिकीत ठेवून कारवारच्या माजाळी नाक्यावर जाऊ नका.

पाना_बारा:
घेतल्यावर लगेच: इंजिन ऑइल (सुमारे ३ लिटर) आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, कूलंट काढून नवा ५०:५०, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, मग लांब उतारावर ते उकळतं आणि पेडल पोकळ होतं. घाट उतरताना दुसरा गिअर, सतत ब्रेकवर पाय नको. २०१२ ची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेली नाही, पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक किंवा ओलसर दिसल्या तर बदलून टाका.

मग मुक्कामाचा एक लहान प्रवास करा, महाबळेश्वर पुरे. परत आल्यावर डिपस्टिक आणि कूलंटची पातळी निघतानाशी ताडा. डिपस्टिकवरच्या दोन खुणांत साधारण लिटरभराचा फरक असतो, अडीचशे-तीनशे किमीत पाव भाग उतरला असेल तर डिकीत दोन लिटर ऑइल ठेवूनच निघा.

सोबत फॅन बेल्ट, दोन फ्यूज, हेडलाइटचा एक बल्ब, दोन लिटर कूलंट, हवेचा पंप. आणि निघण्याआधी घरासमोर चारही चाकांचे नट गाडीतल्या पान्याने एकदा सोडवून पुन्हा घट्ट करा. टायरवाले मशीनने ते असे आवळतात की रस्त्यात त्या तोकड्या पान्याने हलत नाहीत. नाही सुटले तर पाईपचा दीड फुटी तुकडा दांड्याला लावायला बरोबर घ्या.