मुंबईत दीड दिवस: छोट्या गॅलऱ्या, इंडी गिग आणि एक छापचित्र. आखणी बरोबर आहे का?

वाटसरू_नाशिक:
जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मुंबईत पोचतोय, रविवारी संध्याकाळी परत. मुक्काम दादरला. आम्ही दोघं, त्यातला धाकटा भाऊ १९ वर्षांचा. सध्याची आखणी अशी: शनिवारी दिवसभर वांद्र्याच्या गल्ल्यांतली भिंतचित्रं, रात्री एखाद्या बँडचा कार्यक्रम (स्वतःची गाणी वाजवणारा हवा, सिनेमाच्या गाण्यांचा नको), रविवारी काळा घोडा-कुलाब्याच्या गॅलऱ्या. पाच-सहा हजारांपर्यंत एखादं मूळ छापचित्र मिळालं तर घ्यायचंय. विचारायचं ते हे: क्रम ठीक आहे का, बँडसाठी जागा कशी निवडायची, आणि चित्र घेताना फसगत कशी टाळायची?

फोर्टची_पायपीट:
क्रम बरोबर उलटा करा. खासगी गॅलऱ्या बहुतेक सगळ्या रविवारी बंद असतात, काही तर सोमवारीही. भिंती मात्र बंद होत नाहीत, त्या रविवारी बघा. अपवाद एकच: मुंबई गॅलरी वीकेंड. २०१२ पासून सहसा जानेवारीतच असतो आणि तेव्हा रविवारीही दारं उघडी असतात. तारखा जुळल्या तर तुमची चंगळ.

शनिवारी दादरहून मेट्रो ३ (सेनाभवनाच्या बाजूचं स्टेशन) पकडून थेट हुतात्मा चौक. तिथून जहांगीर आर्ट गॅलरी दहा मिनिटांवर. जहांगीर ११ ते ७, प्रवेश फुकट. १९५२ सालची ही वास्तू, पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे: इथे चित्रकार स्वतः हॉल भाड्याने घेऊन प्रदर्शन लावतात, त्यामुळे बहुतेक वेळा चित्रकारच टेबलाशी बसलेला असतो. थेट विचारा, कोणी हसत नाही. प्रदर्शनं मंगळवारी लागतात, सोमवारी उतरतात. सोमवारी दुपारनंतर गेलात तर खिळे आणि बबल रॅप बघून परत याल. वरची टेरेस गॅलरी लोक विसरतात, तुम्ही विसरू नका. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार बसतात. तिथलं काम नीट निरखून बघा, कधीकधी आतल्यापेक्षा बरं असतं.

जहांगीरनंतर समोरच्या अंगाला रीगलकडे चालत एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट). ही सरकारी, सोमवारी बंद, जुजबी तिकीट. कावसजी जहांगीर हॉलच्या आत अर्धगोलाकार मजले बांधलेत, तेव्हा आधी वर जा आणि बघत बघत खाली या.

मग खासगी गॅलऱ्या. इथे नवखा माणूस हमखास परत फिरतो, कारण रस्त्यावरून काही दिसतच नाही. केमोल्ड प्रेस्कॉट रोड फोर्टमधल्या क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. १९६३ मध्ये ती जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली होती. कुलाब्यात प्रोजेक्ट ८८, झवेरी कंटेम्पररी, चॅटर्जी अँड लाल या सगळ्या जुन्या इमारतींच्या पोटात. वॉचमनला नाव सांगायचं, जिना चढायचा, बेल दाबायची. प्रवेश सगळीकडे फुकट, विकत घ्यायची सक्ती नाही. भिंतीवर किंमत नसते म्हणून बिचकू नका, टेबलावर ‘प्राइस लिस्ट’ मागा. पाच-सहा हजारांत तिथे काही मिळणं कठीण. तिथे डोळे तयार करायचे आणि खरेदी जहांगीरला.

सातला सगळं बंद होतं. साडेपाचनंतर नवी गॅलरी सुरू करू नका, घाईघाईत बघितलेलं काहीच लक्षात राहत नाही.

मागच्या_रांगेतला:
गिगबद्दल, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाबद्दल. भाऊ १९ चा आहे, इथेच अर्धा निर्णय झाला. इंडी (स्वतंत्र, स्वतःची गाणी करणारे) बँड जिथे वाजवतात त्या बहुतेक जागा बार आहेत, आणि महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, कडक दारूला २५ वयाची अट. तो पिणार नसला तरी दारावर ओळखपत्र बघून परत पाठवू शकतात. तिकिटाच्या पानावर वयाची अट अगदी तळाला लिहिलेली असते, ती पैसे भरायच्या आधी वाचा. वयाच्या कारणावरून पैसे परत मिळत नाहीत.

त्यामुळे तुमच्यासाठी नरिमन पॉइंटचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) किंवा महालक्ष्मीचं जी५ए हे छोटं कलाकेंद्र बघा. खुर्च्यांवर बसून ऐकायचं, वेळेवर सुरू, वेळेवर संपणार. एनसीपीएला प्रायोगिक किंवा लिटल थिएटरमध्ये काय आहे ते बघा, मोठ्या टाटा थिएटरपेक्षा तिथे छोटे गट जास्त असतात. काळा घोडा महोत्सवाची (१९९९ पासून, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, नऊ दिवस) तारीख जुळली तर उघड्यावरचं गाणं फुकट आणि वयाची अटही नाही. मात्र शनिवार-रविवारी तिथे मुंगीला जागा नसते. उघड्यावर असल्यामुळे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो, मग बँड रंगात आलेला असो वा नसो. तेव्हा उशिरा पोचायचं असेल तर जाऊच नका.

दोघंही २१ च्या वर असते तर लोअर परळ म्हटलं असतं. मथुरादास मिल कंपाउंडात २००७ ते २०१६ ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब होता, तेव्हापासून स्वतःची गाणी ऐकायला येणारा श्रोता त्या भागाला सरावलाय. बारच्या गिगला तिकिटावर ‘डोअर्स ८’ असतं याचा अर्थ फक्त दार आठला उघडतं. आधी एक नवखा गट आणि मुख्य बँड दहाच्या आसपास. ‘कव्हर’ (प्रवेशाचे पैसे) असं लिहिलं असेल तर ते पैसे खाण्यापिण्यात वळते होतात का ते विचारा. होत असतील तर बँडला त्यातून किती मिळतं हा प्रश्नच आहे, आणि उत्तर सहसा आनंददायक नसतं.

उभं कुठे राहायचं? मिक्सरच्या टेबलामागे किंवा बाजूला. साउंडवाला जे कानाने ऐकतो त्यावरच आवाज बसवतो, त्यामुळे खोलीतला सगळ्यात नितळ आवाज तिथे. रंगमंचाला चिकटून उभं राहिलात तर ड्रम आणि अँपचा थेट आवाज येतो, पण गायकाचा आवाज वरच्या स्पीकरमधून डोक्यावरून मागे जातो. मग लोक म्हणतात, ‘शब्दच कळत नव्हते.’ कोपऱ्यात आणि मागच्या भिंतीला बेस साचतो, तिथे सगळं ढुम्म ऐकू येतं.

इअरप्लग घेऊन जा. ८५ डेसिबल आवाज कानाला ८ तास चालतो, पण दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते. १०० ला फक्त १५ मिनिटं उरतात, आणि छोट्या बंद खोलीत १०० सहज होतं. केमिस्टकडचे फोमचे प्लग बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वरून मागे ओढायचा, आत घालून अर्धा मिनिट दाबून धरायचे. बहुतेकांचे प्लग अर्धवट बाहेर लोंबत असतात, त्यांचा उपयोग शून्य. फोमने तारस्वर जास्त दबतात, उशीतून ऐकल्यासारखं वाटतं. गाण्यासाठी फिल्टरवाले घेतले तर सगळे स्वर सारखे उतरतात.

परतीला: मेट्रो साधारण साडेदहापर्यंतच, मग चर्चगेटहून लोकल. ती एकच्या सुमारापर्यंत असते. लोअर परळला फक्त धीम्या गाड्या थांबतात, तिथून दादर दुसरंच स्टेशन.

कागद_आणि_शाई:
छापचित्राचं सांगतो. पहिला प्रश्न: ‘हे एचिंग (आम्लाने पत्र्यावर कोरलेलं), लिनोकट (लिनोलियमवर कोरलेलं), वूडकट (लाकडावर कोरलेलं), सेरिग्राफ (जाळीतून छापलेलं) यांपैकी काय, की डिजिटल प्रिंट?’ ‘लिमिटेड एडिशन’ एवढ्याच उत्तरावर थांबू नका, ते हाताने छापलेल्याला आणि डिजिटलला, दोन्हींना लागतं. एचिंग असेल तर चित्राभोवती तांब्या-जस्ताच्या पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला असतो, बोट फिरवलं की कळतो (विचारून फिरवा). डिजिटलमध्ये भिंगाखाली शाईचे बारीक ठिपके दिसतात. डिजिटल वाईट असं नाही, पण ते मूळ छापाच्या दरात घेऊ नका.

चित्राखाली पेन्सिलीत सही आणि डावीकडे ७/२५ असा आकडा हवा: २५ प्रतींतली सातवी. ७/५०० दिसलं तर ते पोस्टरच समजा. ‘ए/पी’ म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत, तीही चालते. बिलावर चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार, साल आणि प्रतीचा क्रमांक लिहून घ्या. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कोणी जुना दर लावत असेल तर विचारा.

फ्रेमवाला सगळ्यात जास्त नुकसान करतो. त्याला चार गोष्टी ठणकावून सांगा. माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला हवा. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते. चित्र फक्त वरच्या कडेला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने टांगायचं, फेव्हिकॉल किंवा डबल टेप नको. दमट हवेत कागद फुगतो, चारही बाजू चिकटवल्या की त्याला जायला जागा उरत नाही आणि लाटा पडतात. आणि मागे साधा हार्डबोर्ड थेट लावायचा नाही, त्यातल्या आम्लाने काही वर्षांत तपकिरी डाग चढतात.

नाशिकला नेताना गुंडाळायचंच असेल तर नळी किमान ३ इंच व्यासाची, चित्र आतल्या बाजूला, वर बटर पेपर. छोटं असेल तर दोन कोरुगेटेड पुठ्ठ्यांत सपाट न्या.

वाटसरू_नाशिक:
उलटा क्रम केला, एनसीपीए बघतोय. जहांगीरला घासाघीस करायची का? आणि रविवारी वांद्र्यात किती वाजता जायचं?

फोर्टची_पायपीट:
‘थोडं कमी होईल का’ एवढं एकदा विचारा, मग गप्प बसा. गॅलरीत बऱ्याचदा निम्मी रक्कम गॅलरीकडे जाते, इथे चित्रकाराला हॉलचं भाडं भरायचंय. वांद्र्याला चॅपेल रोड, वरोडा रोड, रनवार असं सकाळी आठच्या आत चालायला लागा. दहानंतर चित्रांपुढे स्कूटर उभ्या राहतात. जुन्या फोटोत बघितलेली भिंत तिथे असेलच असं नाही, त्या रंगवून टाकतात. आणि ती लोकांची घरं आहेत, तेव्हा फोटो भिंतीचा घ्या, खिडकीचा नको.

कागद_आणि_शाई:
घासाघीस करून दर उतरला नाही तर प्रत क्रमांक बदलून मागू नका. १/२५ आणि २४/२५ मध्ये लिनोकट-एचिंगला सहसा डोळ्यांना दिसणारा फरक नसतो. ड्रायपॉइंट (सुईने थेट पत्र्यावर कोरलेलं) असेल तर मात्र आधीची प्रत मागा, कारण कोरताना रेषेच्या बाजूला उठलेली धातूची कड प्रत्येक छापाला झिजते आणि रेषेचा मखमली काळा उतरत जातो.