सामान लादल्यावर हँडल थरथरते: पाच वर्षांच्या टूरिंग गाडीवर खर्च करावा की गाडीच बदलावी?

आंबेवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये घेतलेली, एका सिलिंडरची, सुमारे ४०० सीसीची टूरिंग मोटारसायकल आहे. पुढचे चाक २१ इंची, मागचे १७ इंची, दोन्ही तारांची. रनिंग ४३,००० किलोमीटर झाले आहे. मी अंबाजोगाईला राहतो आणि नोकरी परळीच्या बाजूला असल्यामुळे रोजचे जाणे-येणे याच गाडीवर होते. शिवाय शनिवारी-रविवारी शेतात जावे लागते आणि तिथला शेवटचा दीड किलोमीटर रस्ता निव्वळ काळ्या मातीचा आहे. वर्षातून एक मोठा प्रवास आम्ही पती-पत्नी मिळून करतो. येत्या जानेवारीत तुळजापूर, सोलापूर, विजापूर या मार्गाने हंपीला जाण्याचे ठरवले आहे.

अडचण अशी आहे की दिवाळीत तुळजापूरला जाऊन येताना, मागे पत्नी, दोन्ही बाजूंना बॅगा आणि कॅरिअरवर टॉप बॉक्स असताना, वेग ८० वरून उतरत ६५-७० च्या आसपास आला की हँडल थरथरू लागले. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आपोआप मंदावत असताना हे जास्त जाणवते. एकटा असताना फारसे कळत नाही. हँडल घट्ट धरले तर थरथर थांबते, पण तासाभरात मनगटे भरून येतात. वर्कशॉपमध्ये दाखवले, तेव्हा त्यांनी पुढच्या चाकाचे बॅलन्सिंग करून दिले आणि या गाडीचे असेच असते, असे सांगून माझी बोळवण केली.

दुसरा प्रश्न पैशांचा आहे. मी ४०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यातून नवे टायर, मागचा चांगला शॉकॲब्सॉर्बर, एलईडीचे जादा दिवे आणि ॲल्युमिनियमच्या पेट्या करून घ्याव्यात, की ही गाडी विकून, कर्ज काढून मोठ्या इंजिनाची नवी गाडी घ्यावी, हे ठरत नाही. आपल्यापैकी ज्यांनी असा निर्णय घेतला आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे.

१४चा पाना

आपण वर्णन इतके नेमके दिले आहे की निम्मे निदान त्यातच झाले आहे. हँडल पटपट थरथरणे आणि अख्खी गाडी संथपणे डावीकडे-उजवीकडे डुलणे हे दोन वेगळे आजार आहेत. डुलण्याचे मूळ बहुधा मागे असते, म्हणजे ओझे, स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग किंवा मागचा टायर. आणि ते वेग वाढताना जाणवते. आपल्याकडे थरथर आहे, तीही वेग उतरताना, आणि तिचे मूळ बहुधा पुढे सापडते. मागच्या ओझ्याने ती फक्त उघडकीस आणली आहे.

माझा पहिला संशय कोनसेटवर आहे, म्हणजे हँडलच्या दांड्याच्या वर-खाली बसवलेल्या बेअरिंगवर. तो तपासायला वर्कशॉपची गरज नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि कोणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचे चाक अधांतरी करा. समोर बसून फोर्कचे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे, दोन्ही पाय खालच्या टोकाला धरा आणि पुढे-मागे हलवा. खटखट लागली तर कोनसेट सैल आहे. मग हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर, म्हणजे चाक सरळ होते त्या ठिकाणी, ते खोबणीत बसल्यासारखे अडकले तर वाट्यांमध्ये गोळ्यांचे खड्डे पडले आहेत, असे समजावे. असा कोनसेट आवळून उपयोग नसतो; आवळला तर चार दिवस बरे वाटते आणि नंतर गाडी वळणात हट्टीपणा करू लागते. तो बदलावाच लागतो, आणि बदलताना आपल्या गाडीच्या मापाचे टेपर रोलर बेअरिंग मिळत असेल तर तेच घालावे. त्यात गोळ्यांऐवजी रोलर असल्यामुळे भार रेषेवर पसरतो आणि ते जास्त टिकते.

आता हे का झाले असावे, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात ते पुन्हा पुन्हा घडते. काळी माती ओली झाली की फुगते आणि चाक व मडगार्ड यांच्या मधल्या फटीत अशी बसते की चाकच फिरायचे थांबते. मग आपण गाडी धुण्याच्या सेंटरवर नेतो आणि तिथला मुलगा प्रेशरचा पाइप थेट हँडलच्या मानेवर आणि चाकाच्या मध्यावर रोखतो. बेअरिंगची रबरी सीले धूळ आणि पावसाचे शिंतोडे अडवण्यासाठी असतात. त्या दाबाचे पाणी ती अडवू शकत नाहीत. पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन निघते, आणि वरून गाडी चकचकीत दिसते तेव्हा आतल्या वाट्या गंजू लागलेल्या असतात. त्यात यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर पुढच्या चाकाची बेअरिंगेही संशयाच्या यादीत घ्या.

मी स्वतः गेली काही वर्षे गाडीला प्रेशर लावू देत नाही. काळी माती वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात, त्यामुळे ती रात्रभर वाळू दिली तर सकाळी लाकडी पट्टीने ठोकून तिचे पापुद्रे निघतात. उरलेली बादलीभर पाण्याने आणि जुन्या ब्रशने निघते. अर्धा तास जातो हे खरे, पण कोनसेट उघडण्यात अर्धा दिवस जातो.

कोनसेटसोबतच पुढचा टायर पाहा. त्यावरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा लागला तर तो असमान झिजला आहे आणि तोही थरथरीत भर घालतो. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. उदाहरणार्थ ३२२० म्हणजे २०२० सालचा बत्तिसावा आठवडा. टायर मूळचाच असेल तर नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झाले असणार. तारा प्रत्येकी पान्याने हलकेच वाजवून पाहा: ताठ तार टणकन वाजते, सैल तार थप्प असा आवाज करते.

हे सगळे होईपर्यंत जादा दिवे आणि पेट्या यांचा विषय बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तोवर प्रवासात थरथर सुरू झालीच तर ब्रेकवर जाऊ नका आणि हँडल आवळूही नका. पकड सैल ठेवून वेग हळूहळू उतरू द्या.

गोदाकाठ

गाडीच्या प्रकृतीवर वर चांगले लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त कागदांबद्दल आणि हिशोबाबद्दल लिहितो.

ऑक्टोबर २०२० ची गाडी म्हटल्यावर माझ्या मनात आधी विम्याचा विचार आला. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, आणि पाच वर्षे विमा आहे या समजुतीत राहिलेल्या माणसाला तो संपल्याचे कळत नाही. आपला या ऑक्टोबरमध्ये संपला असेल. आजच कागद काढून पाहा.

नव्या गाडीबाबत: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. म्हणजे आपण ज्या मोठ्या इंजिनाकडे पाहत आहात, नेमके तेच आता महाग पडते. जुनी विकताना थरथर असलेली गाडी घेणारा तिची किंमत पाडूनच मागेल, त्यामुळे विकायची असली तरी ती आधी दुरुस्त करून विकणे फायद्याचे आहे. शिवाय समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही. आपल्या रस्त्यांवर, आपल्या वेगाने, दोन माणसे आणि सामान वाहायला आहे ते इंजिन पुरेसे आहे.

उदगीरी

सामानाबद्दल माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते, कारण टॉप बॉक्सची चूक मीही केली होती. कॅरिअरवरचा बॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे असतो, त्यामुळे त्यात ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते: मागचा भाग खाली दाबला जातो आणि पुढचे चाक हलके होते. माझ्या बॉक्समध्ये हवा भरण्याचा पंप, पाने, जादा ट्यूब, चेनचे तेल आणि पाण्याच्या दोन बाटल्या असा सगळा जड ऐवज होता, तर बाजूच्या बॅगांत कपडे. आता उलटे करतो. जड वस्तू बाजूच्या बॅगांच्या तळाशी, जमेल तितक्या पुढे. हत्यारांची पिशवी लेग गार्डला. आणि बॉक्समध्ये फक्त रेनकोट, टॉवेल आणि चिवड्याचा डबा. बॉक्समुळे मागे टेकायला मिळते म्हणून पत्नीला तो हवाच असतो, तेव्हा तो काढण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

मागे माणूस बसणार असेल तर शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण वाढवायला हवा, आणि त्यासाठीचा पाना बहुतेक गाड्यांच्या किटमध्येच असतो. मी तो तीन वर्षे उघडला नव्हता. रात्री समोरून येणारे आपल्याला उगाच डिपर मारू लागले तर मागचा भाग बसला आहे आणि आपला दिवा आभाळाकडे पाहतो आहे, हे ओळखावे. नवा शॉकॲब्सॉर्बर घेण्याआधी एवढे करून पाहा.

ॲल्युमिनियमच्या पेट्यांना माझा विरोध आहे. दोन रिकाम्या पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट मिळून सहज बारा-पंधरा किलो होतात. त्याहून वाईट म्हणजे चिखलात गाडी आडवी झाली की पाय पेटीखाली सापडतो. आपल्या शेतरस्त्याला कापडी बॅगाच बऱ्या.

दिव्यांचे म्हणाल तर सध्या ऊसतोड सुरू झाली आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाने झाकलेला. हे दृश्य मांजरा पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. २० वॅटचे दोन एलईडी दिवे पुरतात. बारा व्होल्टवर ते साडेतीन अँपिअरच्या आत करंट घेतात, त्यामुळे पाच अँपिअरचा फ्यूज आणि रिले (दिव्यांचा करंट बटणातून न नेता चालू-बंद करणारा विजेचा स्विच) घालून बॅटरीवरून स्वतंत्र वायर ओढावी. मूळ वायरिंग कापून जोड देणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये. तरीही अंधारात न निघणे हाच माझा नियम आहे आणि हंपीच्या प्रवासातही मी तो पाळला. विजापूरपासून ५० क्रमांकाचा महामार्ग इलकल, कुष्टगीवरून होस्पेटला जातो. पहाटे निघाल्यास मुक्काम दिवसाउजेडी गाठता येतो.

जाता जाता एक: २१ इंची ट्यूब गावोगावच्या पंक्चरवाल्याकडे नसते. ती सोबत ठेवा, आणि चाक काढण्याचा पानाही.

आंबेवाट

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस उत्तर दिले नाही, कारण आधी करून मग लिहावे असे ठरवले होते.

विम्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी खजील झालो. तृतीय पक्षाचा विमा संपून तीन आठवडे झाले होते आणि मी रोज परळीला बिनदिक्कत जात होतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा तर मी दुसऱ्या वर्षापासूनच काढलेला नव्हता. त्याच दिवशी विमा काढून घेतला.

हँडल दोन बोटांनी फिरवून पाहिले आणि मध्यावर ते अक्षरशः टक् करून थांबले. इतकी वर्षे त्याच हँडलवर हात ठेवून ते मला कधी कळले नव्हते. लातूरच्या एका मेकॅनिकने समोर बसवून उघडले, तेव्हा खालच्या वाटीत ग्रीस नव्हतेच. तपकिरी पाणी होते, आणि वाटीच्या पुढच्या बाजूला ओळीने खळगे पडले होते. टेपर रोलरचा संच आणि मजुरी मिळून २,६०० रुपये लागले. पुढचा टायर मूळचाच, २०२० सालचा निघाला. मागचा मी दोन वर्षांपूर्वी बदललेला असल्यामुळे फक्त पुढचा नवा घातला.

काल पत्नी आणि पूर्ण सामान घेऊन औशापर्यंत जाऊन आलो. स्प्रिंगचा ताण दोन घरे वाढवला होता आणि बॉक्समधले जड सामान खाली घेतले होते. ८० वरून ४० पर्यंत गाडी चार वेळा मंदावून पाहिली, पण थरथर आली नाही. मात्र पुढच्या चाकातून बारीक घरघर ऐकू येते. ती आधीपासून होती की आता लक्ष जाऊ लागले म्हणून ऐकू येते, ते सांगता येत नाही. सप्टेंबरमध्ये गाडी दोनदा गुडघाभर पाण्यातून काढली होती, हे मान्य करतो.

१४चा पाना

घरघर म्हणजे चाकाचे बेअरिंग. चाक अधांतरी करून फिरवा आणि दुसरा हात फोर्कच्या खालच्या टोकावर ठेवा. खरखर हाताला जाणवेल. चाक काढून बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवले की शंकाच उरत नाही. दोन्ही बाजूंची एकदम बदला. ती कंपनीच्या डब्यातलीच हवीत असे नाही. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो, तो लिहून घ्या आणि लातूरमध्ये बेअरिंगच्या दुकानात दोन्ही बाजू रबराने बंद असलेले त्याच क्रमांकाचे मागा. सीलेही सोबत नवी घ्या, नाहीतर पाणी जुन्याच वाटेने आत येईल.

नवा कोनसेट पहिल्या पाचशे-सहाशे किलोमीटरांत थोडा बसतो आणि सैल होतो, म्हणून निघण्यापूर्वी तीच खटखटीची चाचणी पुन्हा करा. चेनसेटबद्दल आपण काही लिहिलेले नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राच्या, पाठीमागून चेन बोटांनी ओढून पाहा. अर्धा दाता उघडा पडला तर उरलेल्या पैशांतून आधी चेनसेट घ्यावा आणि दिवे त्यानंतर.