‘कालची कडी’ आजच्या मेन्यूवर: मराठीत काय लिहावे?

फोंडेकर:
ओळखीतल्या एकांनी फोंड्यात जेवणाचे हॉटेल काढले आहे. मेन्यूकार्ड रोमी लिपीत छापून घेतले, आणि गिऱ्हाईक बघाल तर मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथली देवळे करून भुकेजून आलेली मराठी कुटुंबे. म्हणून मराठी कार्ड हवे झाले, आणि “तुम्ही लिहिता ना” म्हणत ते माझ्या गळ्यात पडले. बाकी सगळे कसेबसे उरकले. अडलो तो नव्या पदार्थांतल्या एका नावाशी: ‘कालची कडी’, उंड्यासोबत, म्हणजे गोव्याच्या पावासोबत.

चाखून पाहिली आहे. मातीच्या लहान भांड्यात येते. चमच्याने उचलली तर ओघळत नाही, कडेला तेलाची रेघ, सुंगटांचा (कोळंबीचा) वास भरपूर आणि सुंगट एकही नाही. चवीबद्दल काही म्हणणे नाही. पण कच्चे कार्ड शेजारच्या टेबलावरच्या साताऱ्याच्या मंडळींना दाखवले, तर त्यातल्या काकूंनी वेटरला सरळ विचारले, “कालची म्हणजे? शिळी?” तो बिचारा म्हणाला, “ना बाय, आजचीच, फ्रेश.” काकू म्हणाल्या, “मग कालची कशी?”

आता सांगा: नाव तसेच ठेवावे की ‘आटवलेली माशाची आमटी’ असे काही लिहावे? कडी की कढी? आणि आज केलेल्या कडीला कालची म्हणणे ही फसवणूक होते का?

मडगावची:
आमटी लिहू नका, हात जोडते. आमटी म्हटले की घाटावरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तुरीची डाळ येते, आणि मग तो कोळंबी शोधत बसतो.

घरात ही कडी वेगळी अशी कुणी करत नाही, ती होते. रात्री जेवणे झाली की तळाशी उरलेली कडी, त्यातला एखादा मासा असला तर बाजूला काढून, मातीच्या कुंडल्यात तशीच चुलीवर. विस्तव निवत आलेला. नारळाचे वाटण हळूहळू आटते, तेल कडेला येते, आत घातलेले आंबाडे किंवा तोराची (कच्च्या आंब्याची) फोड रस सोडून मऊ पडते. सकाळी ती पुन्हा गरम करायची आणि दहा-अकराच्या पेजेबरोबर बोटाने चाटायची. पेज नसली तर पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) उंडा आहेच. आमच्याकडे ताज्या कडीपेक्षा हिच्यावर भांडणे जास्त. रात्री मुद्दाम डावभर जास्त करून ठेवणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत.

तेव्हा ‘मुरलेले लोणचे’ यात ‘मुरलेले’ जे काम करते, ते इथे ‘कालची’ करते. तारीख विचारायची नसते.

घाटावरचा:
नोकरीनिमित्त पणजीत असतो. ताई, तुमचे पटते, पण आमची पंचाईत समजून घ्या. आम्ही लहानपणापासून ‘शिळ्या कढीला ऊत’ ऐकत वाढलो. संपलेला वाद कुणी पुन्हा उकरून काढला की त्याला हे म्हणायचे. आणि इथे शिळ्या कढीला ऊत आणून तिचे वर पैसे घेतात!

मडगावची:
तुमची ती ताकाची. पुन्हा उकळली की फुटते, चव जाते, म्हणून म्हण तशी झाली. नारळाच्या कडीला ऊत आणायचा नसतोच. ती मंद आचेवर ठेवायची.

कानामात्रा:
दोन गोष्टी.

पहिली, ‘कालचा’ या शब्दाची. मराठीतही तो नेहमी दिवस दाखवत नाही. ‘कालचे पोर मला शिकवतेय’ म्हणतो तेव्हा ते पोर काल जन्मलेले नसते, चांगले मिशा फुटलेले असते. तिथे ‘कालचे’ म्हणजे कच्चे, अननुभवी. गंमत अशी की गोव्याच्या कडीत तोच शब्द नेमका उलट बाजूला गेला: कालची म्हणजे पक्व. तेव्हा साताऱ्याच्या काकूंचा प्रश्न व्याकरणाच्या अंगाने चुकीचा नाही, पण पदार्थाचे नाव हे विशेषण म्हणून वाचायचेच नसते. ते नाव झाले.

आणखी एक. शिळे खपवायला मराठी घरांनी काय केले पाहा: ‘फोडणीची पोळी’, ‘फोडणीचा भात’, कुठे ‘कुस्करा’, कुठे लाडाने ‘माणिकमोती’. सगळ्या नावांत आज काय केले ते सांगितले आहे, काल काय उरले ते कुठेच नाही. गोवेकराने मात्र वय उघड लिहिले आणि त्याचाच मान केला. मला हे धाडस आवडते, म्हणून नाव बदलू नये असे माझे मत.

दुसरी, कडी की कढी. मराठीत ‘कडी’ म्हणजे दाराची. कोकणीत उच्चार ‘कडी’, कुठे ‘कोडी’ असा ऐकू येतो. मराठी कार्डावर ‘कढी’च लिहावे. शब्द ‘कढणे’वरून, म्हणजे उकळणे, आणि ही तर दोनदा कढलेली.

पेडणेकर:
थांबा जरा. कढणेवरून कढी, मग सोलकढीचे काय? कोकमाचा आगळ, नारळाचे दूध, मिरची, लसूण, कोथिंबीर. कोण उकळतो ती? उकळली तर दूध फुटेल. नारळाशिवायची फुटी कढी, तीही गारच पितात.

आमच्या बाजूला, आणि पुलापलीकडे सिंधुदुर्गातही, ‘बांगड्याची कढी’ म्हणणारे भरपूर आहेत. त्यांना ढ म्हणताना त्रास होत नाही. पण फोंड्याच्या मेन्यूवर ‘कढी’ लिहिलेत तर पाहुणा पिवळी ताकाची कढी समजणार. कडीच लिहा.

कानामात्रा:
सोलकढीचा मुद्दा मान्य. नाव ताकाच्या कढीच्या नात्याने चिकटले असणार: भातावर घ्यायचे पातळ ते कढी, उकळा की नको उकळू. शिवाय पोर्तुगीजांचा ‘कारील’ आहे, त्याचे मूळ तमिळ ‘करी’त सांगतात, इंग्रजी करीचेही तेच. म्हणजे ‘कडी’ उच्चारणाऱ्याच्या कानात दोन्हीकडचे आवाज मिसळलेले असू शकतात. पेडणेकर म्हणतात त्याप्रमाणे गिऱ्हाइकाला ताकाची आठवण होऊ नये एवढाच हेतू असेल, तर ‘कडी’ चालेल. दाराची कडी कुणी मागवणार नाही.

घाटावरचा:
आणि ‘हुमण’ का नाही लिहीत? कार्डावर ते दिसतेच. पहिल्यांदा वाचले तेव्हा दचकलो होतो. आमच्या पट्ट्यात हुमणी म्हणजे उसाच्या मुळ्या खाणारी अळी. ‘बांगड्याचे हुमण’ वाचून मी शाकाहारी थाळी मागवली.

मडगावची:
हुमण आणि कालची कडी एका ओळीत नकोत. हुमण म्हणजे माशाची नारळाची कडी, हिंदू घरांतला शब्द. आटवले तरी ‘कालचे हुमण’ असे फारसे ऐकले नाही. नाव पडले ते कडीचेच. का, ते विचारू नका. जिभेला जे बसले ते.

फोंडेकर:
आभार. आता फसवणुकीचा प्रश्न राहिला. इथे स्वयंपाकी सकाळी सुंगटांची कडी करतो, दुपारच्या थाळीला ती जाते, उरलेली संध्याकाळपर्यंत मंद गॅसवर. म्हणजे कालची म्हणावी तर सकाळची आहे.

मडगावची:
मग ठीक आहे. हॉटेलला रात्रभर ठेवायची परवानगी मीही देणार नाही. खोट ओळखायची ती वेगळीकडे. आटवलेली आणि घट्ट केलेली यात फरक असतो. काही ठिकाणी ताज्या कडीत कॉर्नफ्लोअर नाहीतर तांदळाचे पीठ लावून आणतात. ती गुळगुळीत, चकचकीत दिसते आणि कडेला तेल नसते. वाटण आटले की नारळ किंचित रवाळ लागतो आणि तेल आपसूक सुटते. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये तेलाची रेघ लिहिलीत तिथेच मी निश्चिंत झाले.

वास्कोकर:
विषय निघालाच आहे तर ‘मशरूम शाकुती’वरही बोला. परवा एका नव्या ठिकाणी कार्डावर होती. आमच्याबरोबरचे पुण्याचे स्नेही म्हणाले, शाकुती म्हणजे कोंबडी-मटण, मशरूमची कसली, ही हल्लीची फॅशन. तसेच ‘पनीर काफ्रियाल’. आणि तिथला वेटरच ‘झाकुटी’ म्हणत होता!

पेडणेकर:
वेटर बाहेरचा असणार, रोमी अक्षरे वाचून बोलत होता. पोर्तुगीज वळणाच्या रोमीत त्या फुलीच्या (x) अक्षराचा उच्चार श. म्हणून शाकुती, कुर्ल्यांचे (खेकड्यांचे) ‘शेकशेक’ तसेच, आणि ‘शीत-कडी’तले शीतही तसेच लिहितात. मराठी कार्ड करण्याचा खरा फायदा हा. देवनागरीत झाकुटी व्हायची सोयच नाही.

मशरूमबद्दल मात्र तुमच्या स्नेह्यांचे चुकले. पावसाळ्यात रानातली अळमी येतात तेव्हा हिंदू घरांत त्यांची शाकुती होते, आणि ती फॅशनच्या कितीतरी आधीची आहे. शाकुती हे मसाल्याचे नाव धरा: भाजलेला नारळ, धणे, मिरी, खसखस, जायफळ, बडीशेप, सुक्या मिरच्या, सगळे भाजून वाटलेले. त्यात काय शिजवायचे ते बाजारात काय मिळाले त्यावर. मालवणची ‘सागोती’ ऐका, वड्यांबरोबरची. शाकुतीची सख्खी बहीण वाटते. पण तिकडे सागोती म्हटले की मांसच. मशरूमची सागोती कुणी ऐकून घेणार नाही. आमच्या बाजूला शब्द सैल झाला.

कानामात्रा:
‘शाक’ आणि ‘कूट’ अशी फोड करून दाखवणारेही भेटतात. कानाला गोड लागते. मी तिच्यावर पैज लावणार नाही.

वास्कोकर:
आणि काफ्रियाल?

मडगावची:
ते आफ्रिकेकडून आले, मोझांबिक पोर्तुगिजांकडे होते तेव्हा. ‘काफ्र’ म्हणजे त्यांच्या तोंडी आफ्रिकेतला काळा माणूस, आणि तो शब्द प्रेमाचा नव्हता. आज मेन्यूवर कुणाला तो ऐकू येत नाही, हिरवा मसाला तेवढा दिसतो: कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, शिरका. पनीरला लावला तर बिघडत काही नाही, पण पनीर मसाला आत घेत नाही. वरून हिरवे, आतून पांढरे. नाव शाबूत, चव अर्धी. माझे मत विचाराल तर त्या पैशांत नीरफणसाच्या रवा लावलेल्या फोडी मागवा.

विंदालूत बटाटा घालणाऱ्यांबद्दल मी बोलणारच नाही. मूळ पोर्तुगीज नावात वाइन आणि लसूण आहे. ‘आलू’ कुणीतरी कानाने घातला.

फोंडेकर:
आणखी काही शब्दांवर झटपट सांगा, कार्ड उद्या छापायला जाते. ‘नुस्तें’, ‘पोळी’, ‘चिली फ्राय’, ‘पावभाजी’.

पेडणेकर:
नुस्तें म्हणजे मासे. मराठी माणूस ‘नुसते’ वाचतो आणि विचारतो, नुसते काय? ‘मासे’ लिहा, वाद नको. शीत म्हणजे भात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तिथे शीत म्हणजे एक दाणा. इथे शीत मागितले की ताटभर येते.

पोळी जपून. पोदेराची पोळी म्हणजे कोंड्याचा पोकळ गोल पाव. पुण्याच्या माणसाने ‘दोन पोळ्या’ सांगितल्या आणि पाव आले तर तो परत पाठवील. ‘गोव्याची पोळी (पाव)’ असे लिहा.

वास्कोकर:
चिली फ्रायमध्ये तळलेले काही नसते. कांदा, हिरवी मिरची, थोडा रस. कुरकुरीत समजून मागवणारे तोंड पाडतात. पावभाजीचेही तसेच: सकाळी पणजीत चहाच्या हॉटेलात पावभाजी म्हणाल तर वाटाण्याची किंवा चण्याची पातळ भाजी आणि पाव येईल. लोण्यात मळलेली लाल मुंबईवाली हवी असेल तर ‘मुंबई’ म्हणावे लागते.

फोंडेकर:
झाले. मी असे लिहिले आहे:

‘कालची कडी: सुंगटांची नारळाची कडी, मंद आचेवर आटवून मुरवलेली. शिळी नव्हे. उंड्यासोबत.’

कानामात्रा:
‘शिळी नव्हे’ काढा. ज्याच्या मनात नव्हते त्याच्याही मनात येईल.

मडगावची:
बरोबर. ‘मुरवलेली’ पुरे. आणि सोमवारी ती ओळ झाकायची सोय ठेवा. रविवारची कडी कितीही चांगली मुरली तरी सोमवारी आमच्यातल्या अनेकांचे शिवराक. म्हणून रविवारी रात्री कुंडले पुसून संपवायची घाई असते, आणि आठवड्यातली सगळ्यात वाईट सकाळ ती. हो, ‘शिवराक’ही कार्डावर असेल तर समोर ‘शाकाहारी’ लिहा. शंकराचा राक्षस वगैरे अर्थ लावणारे महाभाग भेटले आहेत.

घाटावरचा:
माझी एक विनंती. बांगड्याच्या हुमणाखाली तिरफळाची सूचना टाका. माझ्या मेहुण्यांनी ते वेलदोड्यासारखे चावले. अर्धा तास जीभ बधिर, आणि पुढे आलेली सोलकढी पाण्यासारखी लागली.

फोंडेकर:
टाकतो. ‘तिरफळ वासापुरते, बाजूला काढावे.’

कानामात्रा:
छापखान्यात प्रूफ नीट बघा. तिथे त्याचे ‘त्रिफळा’ करतील, आणि लोक जेवणाच्या आधी पोट साफ करायचे औषध देता का म्हणून विचारतील.