सल्ला हवा: बायका-बायकांच्या प्रेमावरचे स्वतंत्र सिनेमे, घरी एकत्र बसून बघायला

खानापूरवाली:
टिळकवाडीत आमचा आठ-दहा जणींचा वाचनगट आहे. पुढचे काही महिने पुस्तकांऐवजी सिनेमे बघायचं ठरलंय आणि विषय हाच. निम्म्या मराठी शाळेत शिकलेल्या, दोघी-तिघी कन्नड शाळेतल्या. इंग्रजी सबटायटल वाचेपर्यंत पुढची ओळ येते. हिंदी सगळ्यांना चालतं. शेवटी एकीला मारून टाकलेले सिनेमे नकोत. सुरुवात कशानं करू, सांगा की.

निपाणीकर:
'गीली पुच्ची'. नीरज घेवान यांचा, २०२१ चा. 'अजीब दास्तान्स' या चार गोष्टींच्या चित्रपटातली ही तिसरी गोष्ट, त्यामुळे एका बैठकीत बघून वर तासभर बोलायला वेळ उरतो. कारखान्यात मशीनवर काम करणारी भारती आणि तिला हवी होती ती ऑफिसातली जागा मिळालेली प्रिया. प्रियाच्या घरी चहा येतो तेव्हा बाकीच्यांना कपबशी आणि भारतीला स्टीलचा पेला. तिथे थांबवून बोला. जात बाजूला ठेवून या दोघींचं प्रेम कळतच नाही.
मग दीपा मेहतांचा 'फायर' (१९९६). मूळ संवाद इंग्रजीत आहेत, म्हणून हिंदी आवृत्तीच मिळवा. तिच्यात सीता या पात्राचं नाव नीता केलेलं आहे, तेवढं आधी सांगून ठेवा. १९९८ मध्ये थिएटरांची तोडफोड झाली तीच लोकांच्या लक्षात राहिली. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी घरकाम करता करता एकमेकींकडे बघणं किती संथपणे वाढवत नेलंय, ते कुणी बोलत नाही. पदर पेटतो तिथे बायका घाबरतात, दोघी जगतात.

शहापूरची अक्का:
निपाणीकर, 'फायर' लगेच दुसरा नको. ज्यांच्या घरी तसंच चाललंय त्यांना तो जड जातो. मध्ये 'रफिकी' घाला. वानुरी कहिऊ, केनिया, २०१८. नैरोबीतल्या दोन मुली, दोघींचे वडील एकाच निवडणुकीत समोरासमोर उभे, आणि सगळ्या गल्लीवर नजर ठेवून असलेली टपरीवाली. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. दीड तासाच्या आत संपतो. केनियात त्यावर बंदी आली होती, ती कोर्टानं सात दिवसांपुरती उठवली.
सुखाचा शेवट हवा तर डोना डाइच यांचा 'डेझर्ट हार्ट्स' (१९८५). घटस्फोटासाठी अमेरिकेतल्या रेनो शहरात आलेली प्राध्यापिका, काळ १९५९ चा. शेवटी आगगाडी सुटताना ती दुसरीला एवढंच म्हणते की पुढच्या स्टेशनपर्यंत तरी ये. लग्नाचं वचन नाही, रडारड नाही. माझ्या मते या यादीतला सगळ्यात प्रामाणिक शेवट हाच.
'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर' गटात लावू नका. तीन तास लांब आहे, आणि शय्यादृश्यं पुरुषाच्या नजरेनं घेतलीत अशी टीका मूळ चित्रकथेच्या लेखिकेनंच केली होती.
तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' कुणीतरी सुचवेलच. वाचण्यासारखं नाटक आहे, पण मित्रा या नायिकेचा शेवट आत्महत्येत आहे. तुम्ही तेच नको म्हणालात.

कडोलीकर:
सबटायटलचं बघा. स्ट्रीमिंगवर आपली फाईल जोडता येत नाही, विकतची डीव्हीडी किंवा ब्लू-रे लागेल. 'सबटायटल एडिट' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात इंग्रजी फाईल उघडून मराठी ओळी भरायच्या. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं. सगळं भाषांतर करत बसू नका, अर्थ आला की पुरे. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं दिसतात.
पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावू नका. बऱ्याच टीव्हींना देवनागरी नीट जुळवता येत नाही, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. लॅपटॉपवर व्हीएलसी लावून एचडीएमआयनं जोडा.
ओळी सुरुवातीपासून सारख्याच मागे-पुढे असतील तर जी आणि एच या कळांनी सरकवा. फरक वाढत जात असेल तर कळा दाबून उपयोग नाही. फाईल सेकंदाला २५ फ्रेमची आणि सिनेमा २३.९७६ चा असला की दोन तासांत पाच मिनिटांचा घोळ होतो. सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलून घ्या.
पहिल्यांदा करणार असाल तर सेलिन शियामा यांचा 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर' (२०१९) घ्या. संवाद कमी आहेत, बरंच काम नजरेनंच होतं.

खानापूरवाली:
कडोलीकर, हेच हवं होतं. अक्का, क्रम तुमचाच घेते. अजून एक. काही जणी घरातल्या सामाईक नेटफ्लिक्सवर 'गीली पुच्ची' आधी एकट्या बघणार आहेत. सासरी दिसायला नको.

शहापूरची अक्का:
वेगळं प्रोफाइल काढून त्याला चार आकडी पिन लावायचा. सामाईक प्रोफाइलवरच बघितलं असेल तर ब्राउझरमधून अकाउंट उघडा, पाहिलेल्याच्या यादीत त्या नावापुढचं लपवायचं बटण दाबा. सगळ्या उपकरणांवरून जायला चोवीस तास लागू शकतात, तेव्हा रविवारी पाहुणे येणार असतील तर शुक्रवारीच करून ठेवा.

निपाणीकर:
आणि पुढे हॉल घेऊन लोकांना दाखवायचा विचार आला तर हक्कधारकाची लेखी परवानगी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं, तिकीट नसलं तरी. सध्या घरीच बघा.