जोडी नको, मोठं चाक द्या

हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) पाळायचा तर एकट्याला करमणार नाही म्हणून जोडीच घ्या, असं काही जण सुचवतात. सिरियन जातीच्या हॅमस्टरच्या बाबतीत हे अजिबात करू नका. आठ-दहा आठवड्यांची झाली की सख्खी भावंडंही एकमेकांना रक्तबंबाळ करतात. एका पिंजऱ्यात एकच. त्याला विरंगुळा हवा तर चाक नीट निवडा: व्यास २८ सेंमीच्या आसपास, पळायची पट्टी सलग. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो. पळताना पाठ मागे वाकलेली दिसली तर चाक लहान पडतंय. पिंजऱ्यासोबत फुकट येणारी चाकं बहुधा अशीच लहान असतात.

तळाशी कागदी बिछाना २०-२५ सेंमी तरी हवा, आणि तो दाबून भरा, नाहीतर बिळं ढासळतात. घरट्यासाठी कापूस मात्र नको, त्याचे धागे पायाला आवळतात. साधा टिश्यू फाडून टाका, पुरतो.